दोर न सोडता

ता. ३ मार्च

आधी तक्रार ऐक, आशीर्वाद मागाहून. तुमच्या पाणी समितीच्या अहवालात माझ्या विहिरीचा फोटो छापायला कुणी सांगितलं होतं? येणारा-जाणारा अभिनंदन करतो. मी काय विहिरीला जन्म दिला?

चि. नातीस आशीर्वाद, वि. वि. पुढच्या अहवालातून मला वगळ. कारण विचारू नकोस. गुडघा बरा आहे. हिशेब लिहिताना पाठ ताठ ठेवत जा, म्हशीसारखी वाकतेस.

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

वगळू कशी? अकरा विहिरींपैकी तुझ्या एकटीच्याच विहिरीत पाणी पाच हात चढलं. तू पाण्याची पातळी मोजून पाठवतेस त्या कार्डांवरूनच समितीने ठरवलं, की पाझर तलावातून पाणी नीट मुरतंय. म्हणून तलावाचा गाळ काढायचे पैसे नव्या पंपाकडे वळवले. वीस तारखेला सह्या आहेत.

सभेत तुझी शेजारीण शिंपीणबाई म्हणाली, माझी विहीर आटत चाललीय, आकडे तपासा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, माझी आजी साखरसुद्धा मोजून देते, ती आकडा चुकवणार नाही. सगळे हसले. ती खाली बसली.

आजी, मोजायला गाठींचा दोर सोडतेस ना विहिरीत?

तुझीच नात

ता. १४ मार्च

चि. नातीस आशीर्वाद.

नाही सोडत. थंडीत गुडघा धरला तेव्हापासून विहिरीकडे फिरकले नाही. सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्या खोलीत नेऊन ठेवलं असतंस. म्हणून पलंगावरूनच कार्डं भरली. आधी जुनाच आकडा लिहिला. मग वाटलं, पोरीच्या तलावाला यश यायला हवं, म्हणून दर खेपेला हातभर पाणी चढवलं. लबाडीच ती, दुसरं काय.

मला पाणी शिंपीणबाईच आणून द्यायची, रोज दोन घागरी, तिच्या विहिरीतून. परवा तिची आटली. तुमचा अहवाल खरा मानून ती माझ्या विहिरीवर आली. घागर खडकावर आपटल्याचा आवाज मला घरात ऐकू आला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, आम्हा दोघींना ते जमतं. ती रिकामी घागर उचलून परत गेली. संध्याकाळी कुठूनतरी अर्धी घागर आणून माझ्या दारात ठेवून गेली. अजून तशीच आहे. प्यायची लाज वाटते.

आज स्टूल टेकत टेकत गेले, दोर सोडला. चाळीस गाठी, सगळ्या कोरड्या. हा आकडा खरा. हे पत्र सह्यांआधी सभेत मोठ्यानं वाच. माझी लाज झाकायला एकही ओळ वगळू नकोस. लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझी आजी

ता. क. उत्तर तू लिहायचं नाहीस, तू मला माफ करून मोकळी होशील. अध्यक्षांनी लिहावं, गाळ काढायची तारीख घालून, आणि पाकिटावर पत्ता शिंपीणबाईचा घालावा.