एकाच केबलची सात वर्षं

३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.
दुपारी वीज गेली, पंखा बंद पडला, तीनलाच जाग आली. एरवी रविवारी दोन ते पाच मी या जगात नसतो. गॅलरीतून खाली पाहतो तर साडू माझ्या मोटरसायकलपाशी उकिडवा बसलेला. हातात पाना. शेजारी बायको, हातात चहाचा कप. त्याच्यासाठीचा. मला पाहून दोघं गप्प. साडू म्हणाला, काही नाही दादा, सहज बघत होतो. सहज बघायला पाना लागतो? बायको म्हणाली, अहो, इतक्यात उठलात? स्वरात काळजी नव्हती, तक्रार होती.
डाव उघड आहे. माझी क्लच केबल सात वर्षं टिकली. तो स्वतःच्या गाडीची दरवर्षी बदलतो, तीही तुटायच्या आधी. भित्रा. माणसाला दुसऱ्याचं बघवत नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार.
गाडीला कव्हर आणि साखळी आणली. साखळी क्लचच्या लिव्हरमधून ओवली. रविवारी किल्ली उशीखाली. बायको म्हणाली, अहो, निदान एक रविवार तरी... आणि थांबली. नोंद करून ठेवतो : ती थांबली.

७ फेब्रुवारी.
क्लच जड. नवल आहे. दर फेब्रुवारीत तो आपोआप लोण्यासारखा होतो. मी एक तारखेला तेलाचे दोन थेंब सोडतो, त्याचा गुण. यंदा दोनाचे सहा केले. फरक नाही. साडूची नजर लागली.

१० फेब्रुवारी, रविवार. रात्री.
सासऱ्यांकडे जेवण. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेहमी साडू नेतो. त्यामुळे तो अरे, बाळा, इकडे ये. मी मात्र अहो जावईबापू. थोरला जावई मी, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि अजून मला पाट मांडल्यासारखं बोलतात. त्याला जाता जाता पाठीत धपका घालतात. मला कुणी धपका घालत नाही.
जेवताना विषय मीच काढला. हात हलका असला की केबल जन्मभर पुरते, म्हणालो. ब्रेकचे लायनरही पाच वर्षांचे आहेत, तेही सांगितलं. मेव्हणीला ठसका लागला. बायको ताटात बघत राहिली. मत्सर म्हणतात तो हाच.
साडू हळूच म्हणाला, दादा, लिव्हरपाशी तारा सुटल्या, क्लच जड झाला, न्यूट्रल सापडेनासा झाला, की वाट बघायची नसते हो. मी म्हणालो, माझा न्यूट्रल एका झटक्यात सापडतो. (कितव्या, ते त्याने विचारलं नाही.)
मग जाहीर केलं : बावीस तारखेला बाबांना डॉक्टरकडे मी नेणार. सासरे म्हणाले, तुम्ही कशाला उगाच त्रास घेता. बघू आता किती दिवस ‘तुम्ही’ म्हणतात.

१६ फेब्रुवारी.
गॅरेजवाल्याने न विचारता लिव्हरचं रबर सरकवून पाहिलं. म्हणाला, साहेब, तीन तारांवर चाललीय, आजच टाकू, पंधरा मिनिटांचं काम. हा साडूचीही गाडी बघतो. सगळे मिळालेले आहेत. एक मार्चला केबलला आठवं वर्ष लागतं. आठव्या वर्षी बदलली तर तो माझा निर्णय. आज बदलली तर त्याचा.
संकल्प : क्लच कमी दाबणे. घर ते ऑफिस एक्केचाळीस वेळा दाबतो. पंचवीसवर आणायचं.

१९ फेब्रुवारी.
सदतीस. सिग्नल माझ्या हातात नाहीत.
दोन बोटांनी दाबत असे, आता चार लागतात. तळहात सुजला. ऑफिसात सांगितलं, व्यायाम सुरू केलाय.
बायको म्हणाली, तुमचा हट्ट तुमच्यापाशी, पण शुक्रवारी मागे माझे बाबा बसणार आहेत, तेवढी केबल टाकून घ्या. मी विचारलं, सारखी त्याची बाजू का घेतेस? म्हणाली, त्याला एकदा सांगितलेलं कळतं म्हणून. त्यानंतर बोललेली नाही. मीही नाही. मी जास्त वेळ नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.
निघताना सासरे प्रसन्न. काळा चष्मा, फाईल मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. वाटलं, जमलं.
चौथा सिग्नल. पहिला गिअर, क्लच दाबलेला. टक्‌ असा आवाज आला. लिव्हर हातात मेल्यासारखी लोंबली, गाडीने उडी मारली आणि पुढच्या टेम्पोला धडकून बंद पडली. सासऱ्यांचा चष्मा माझ्या कॉलरमध्ये, फाईल रस्त्यावर. लागलं कुणाला नाही.
सासरे ओरडले, अरे गाढवा!
एकोणीस वर्षांनी अरे. त्यातला आनंद नीट घेता आला नाही.
मला न विचारता त्यांनी फोन लावला. साडू दहा मिनिटांत हजर. आधी सासऱ्यांना सावलीत बसवलं, मग डिकीतून नवी केबल काढली. माझ्या गाडीची. त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची. मी विचारलं, ही तुझ्याकडे कशी? तो नटबोल्टकडे बघू लागला. उत्तर सासऱ्यांनी दिलं : अरे, दर फेब्रुवारीत तोच बदलतो की तुझी, तू झोपलास म्हणजे. यंदा कशी राहिली रे बाळा?
साडू म्हणाला, दादांना लवकर जाग आली हो.
एकूण केबली : सात. माझ्या हातून टिकलेली : एक. तीही आज तुटली.
सासरे त्याच्या मागे बसून डॉक्टरकडे गेले. मी घरी आलो. क्लच लोण्यासारखा.

२४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.
साखळी सकाळीच काढली. गंजेल, म्हणून. बायको आपणहून बोलली. जेवण झाल्यावर म्हणाली, अहो, पडा जरा.
पडलो. वीज होती, पंखा होता, झोप नव्हती. अडीचला खालून पान्याचा आवाज. नवी केबल थोडी ताणली जाते, परत आवळावी लागते. एवढं मलाही माहीत आहे. मग साडूचा आवाज : ताई, ब्रेकचे लायनर बघून ठेवू का? आणि बायकोचा : हळू बोला हो! ते जूनमध्येच टाकलेत ना तुम्ही.
थोड्या वेळाने बायकोची पावलं जिना चढून आली आणि खोलीच्या दाराशी थांबली.
मी घोरायला लागलो.