मागचे ब्रेक मीच बदलतो

७ मार्च, बुधवार
हिला डायलिसिसला नेलं. वाटेत म्हणाली, मागून किर्र किर्र आवाज येतोय. म्हटलं, खडा अडकला असेल. म्हणाली, महिनाभर तोच खडा? डायलिसिसने माणूस चिडचिडा होतो असं वाचलंय. मनावर घेतलं नाही.

९ मार्च, शुक्रवार
हिला आत सोडून गॅरेजवर गेलो. मेकॅनिकने चाकात डोकावून सांगितलं, मागचे ब्रेक पॅड संपलेत, लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी सोमवारी सोडा, मंगळवारी न्या. सोमवारी हिला काय खांद्यावरून नेऊ?
मुलीचा फोन आला. बाबा, हॉस्पिटलची व्हॅन घरापर्यंत येते, आईचं नाव घालते. साफ नको म्हटलं. दोन वर्षं हिला मीच नेतो-आणतो. रिटायर झाल्यापासून घरात एवढंच एक काम माझं म्हणून आहे. तेही व्हॅनला देऊ?
ठरलं. पॅड मीच बदलणार. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढलीत. अकाउंट्समध्ये, पण म्हणून काय झालं.

१० मार्च, शनिवार, सकाळी
दोन तासांचं काम. व्हिडिओ पाहिला. अर्धाच. पुढचं अंदाजाने कळतं.

दुपारी
एका चाकाचे नट निघाले. जुने पॅड हातात आले, पत्र्याइतके पातळ राहिलेत. ही खुर्ची घेऊन दारात बसली होती. काही देऊ का, विचारत होती. म्हटलं, शांतता दे. आत निघून गेली. नंतर वाईट वाटलं. पण अशा कामाला एकाग्रता लागते.

चार वाजता
नवे पॅड जाड. पॅड दाबणारा पिस्टन मागे सारल्याशिवाय बसत नाहीत आणि पिस्टन हलायला तयार नाही. क्लॅम्प लावून आवळला. ढिम्म. आणखी आवळला. कट् असा आवाज झाला आणि गेला एकदाचा आत! जोर लावायची तयारी हवी. दुसऱ्या बाजूचाही तसाच घातला.

संध्याकाळी
चहा घेताना उरलेला व्हिडिओ पाहिला. मागचा पिस्टन म्हणे दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत न्यायचा असतो, नाहीतर आतलं रबर फाटतं. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला नको? तो दुसऱ्या मॉडेलबद्दल बोलत असणार.
एक बोल्ट उरला. कंपन्या एखादा जास्तीचा देतातच.

११ मार्च, रविवार
गल्लीत दोन चकरा मारल्या. आवाज बंद! पेडल जरा खोल जातं, पण दोनदा दाबलं की ब्रेक लागतो. नवे पॅड रुळायला वेळ घेतात. हँडब्रेक नीट धरत नाही. तो तसाही कोण वापरतं? चाकाखाली ओलं दिसलं. बोट लावलं तर तेलकट. गाडी धुतल्याचं पाणी.
ही म्हणाली, "उद्या टॅक्सी करूया का?" मी जेवणाच्या ताटावरून उठलो. थोड्या वेळाने तीच आली. म्हणाली, "बरं बाई, तुमच्याच गाडीतून जाऊ. जेवा आता."
जेवलो. मनात म्हटलं, विश्वास असावा तर असा.

१२ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या गेटातून आत उतार आहे. पेडल दाबलं, तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढला. गाडी खांबावर गेली. वेग असा काही नव्हताच. बंपर चेपला, बाकी काही नाही. वॉचमन उगाच ओरडत होता.
हिने डॅशबोर्डवर हात टेकला होता. डावा. सुया टोचतात तोच.

१३ मार्च, मंगळवार
डावा हात काळानिळा झालाय. ऑपरेशन करून डायलिसिससाठी तयार केलेली नस बंद पडली म्हणे. आता मानेत नळी. उजव्या हाताची नस तयार व्हायला काही महिने. मी डॉक्टरांना सांगितलं की तो खांब मुळात चुकीच्या जागी आहे. डॉक्टर फाइलमध्ये बघत राहिले.
मुलगी आली. माझ्यापुढे हात केला. किल्ली शोधतो म्हटलं. खिशातच होती. दिली.

१४ मार्च, बुधवार
ही हॉस्पिटलातच. मी खाली बाकावर. ब्रेक ऑइलच खराब निघालं असावं. पॅड उत्तम बसले होते.

१६ मार्च, शुक्रवार
हिला काल घरी आणलं. आज डायलिसिसला न्यायला वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्याने स्वतःहून गाडी काढली. मानेच्या पट्टीला धक्का लागू नये म्हणून ही मागे बसली. मी हिच्या शेजारी बसायला दार उघडलं. म्हणाली, "तुम्ही घरीच थांबा. दमला असाल."
बरोबर आहे, दमलोच होतो.
खिडकीची काच खाली होती. ही बँकवाल्याला हळूच म्हणाली, "विचारते म्हणून राग मानू नका हं. ब्रेक नीट आहेत ना?"
"हो काकू," तो म्हणाला.
मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. गाडी वळणापर्यंत गेली आणि जराही आवाज न करता थांबली.