सोमारीचा फॉर्म

२४ मार्च
निवडून आलो! बी.ए. प्रथम वर्षाचा वर्गप्रतिनिधी — वय वर्षे एकाहत्तर. आधीचा प्रतिनिधी नोकरी लागून कोरपन्याला गेला, म्हणून. मागच्या बाकावरून अजय ओरडला, "आजोबाले करा, त्यायले घरी दुसरं काम तरी काय हाये!" टाळ्या. प्राचार्य मॅडमनी 'विद्यार्थ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या' ही पुस्तिका हातात ठेवली. चाळीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं वाटली. माझ्या हाती असं काही पहिल्यांदाच पडलं.

२५ मार्च
सून दीपिका म्हणते, "मामाजी, आता तुमी पुढारी. डबा पाठवू का हार?"

२६ मार्च
माझ्या पुढच्या बाकावरची सोमारी. तिचा परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, तिची एकसष्ट. मोहाचे दिवस! फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. कॉलेज साडेसातला. पहिले दोन तास रोज बुडतात.
"परीक्षा हुकली का बाबा लगन लावून देते," म्हणाली. हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.
फॉर्मची शेवटची तारीख ४ एप्रिल.

२७ मार्च
पुस्तिका, पान तीन — योग्य कारण असल्यास विद्यार्थ्याला लेखी म्हणणं मांडायचा हक्क आहे. वा! दुपारभर बसून अर्ज लिहिला. चार पानं. पहाटेचं धुकं, मोहाचा पिवळा सडा, वाकलेली वनबाला... शाळेत पाठ केलेल्या कवितांनी हात धरला तो सोडेचना. वाचताना माझेच डोळे भरले.

२९ मार्च
अर्ज परत!
मॅडम म्हणाल्या, "आजोबा, फार सुंदर. पण मुलीचं नाव कुठे आहे?"
खरंच नव्हतं. तारखा नव्हत्या. मागणीही नव्हती!
सोमारीने चारही पानं वाचली. "आजोबा, तुमी कधी मोहा वेचला का? कंबर मोडते. धुकं कोन पाह्यते!" मग माझाच पेन घेऊन पाच ओळी लिहिल्या. नाव, गाव, किती दिवस. पहाटे चार ते नऊ मोहा वेचते. बुडालेले तास दुपारी घ्या, मी येते. खाली सही. विशेषण एकही नाही.

१ एप्रिल
मंजूर!! आजची तारीख पाहून आधी विश्वासच बसेना. सोमारीचा फॉर्म घेणार, बुडालेले तास दुपारी होणार, हजेरी मी घ्यायची, सहीनिशी. आणि गंमत — मोहावाल्या आणखी सहा पोरी निघाल्या. इतके दिवस एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. "काऊन नाई बोलल्या?" विचारलं तर एक म्हणते, "कोनी विचारलंच नाई."

४ एप्रिल
शेवटचा दिवस. सहा जणींचे फॉर्म सकाळीच गेले. सोमारीची एसटी चुकलेली. पाच वाजता ऑफिसातले जाहिद बाबू फॉर्मची खिडकी लावायला लागले. मी आत हात घातला.
"आजोबा, हात काढा, बोटं सापडतीन."
"जाहिदभाऊ, दहा मिनिटं!"
"मॅडम मले बोलतीन."
"मले बी बोलू द्या."
काढला नाही. त्यांनी कपाळावर हात मारला आणि चहा मागवला — मलाही! सव्वापाचला सोमारी धावत आली, कोणाच्या तरी मोटारसायकलवरून. अंगाला मोहाचा वास. फॉर्मवर शिक्का बसला — धप्प! इतकी गोड कविता मी आयुष्यात ऐकली नव्हती. तरंगत घरी आलो.

२२ एप्रिल
हॉलतिकिटं आली. सोमारीचं आलं. त्या सहाही पोरींची आली. माझं नाही. जाहिद बाबूंनी यादी तीनदा पाहिली. मग हळूच म्हणाले, "आजोबा... तुमचा फॉर्म?"
पिशवीत होता. भरलेला, फोटो चिकटवलेला, सहीसकट.