आईचे बाळ पाच मीटर खोल

कोसुमेल,
२७ डिसेंबर

चि. विल्बर्ट यास एल्सीताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला तुझ्या मुलीने भाग पाडले. आपल्या आईचे बाळ समुद्राच्या तळाशी आहे. फोनवर सांगितले असते, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग 'बघू' म्हणतोस. कागदावर 'बघू' लिहिलेस तर मी त्याखाली लाल रेघ मारून परत पाठवीन.

घडले ते असे. इथले पाणबुडे दर नाताळात प्रवाळाच्या कडेला, पाच मीटर खोल वाळूवर, गोठ्याचा देखावा मांडतात. योसेफ, मारिया, गाढव, तीन राजे, सगळे सिमेंटचे. यंदा त्यांचे येशूबाळ धक्क्यावर पडून फुटले. निदिया हिवाळ्याच्या सुट्टीत बुड्या मारायला माझ्याकडे आलेली. मी चर्चला गेले असताना तिने कपाट उघडून आईचे लाकडी येशूबाळ काढले आणि त्यांना देऊन टाकले. लाकूड तरंगते हे त्या हुशार मंडळींना पाण्यात गेल्यावर कळले. मग त्यांनी बाळाच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला. आई ज्याला रेशमाखेरीज कशात गुंडाळत नसे, त्याच्या कमरेला दोन किलो शिसे.

मी म्हटले, आत्ताच्या आत्ता वर आणा. त्यांचा म्होरक्या गास्पार उक, ज्याला मी विज्ञानात दोनदा नापास केले आहे, टोपी हातात धरून म्हणाला की बाई, निजवलेले बाळ कांदेलारियाच्या, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या सणाच्या, आधी उठवत नाहीत, आणि उठवायचे ते धर्ममातेनेच. आमच्यातला कुणी हात लावणार नाही. मी म्हटले, ही रीत घरातल्या गोठ्याची आहे. त्यावर तो म्हणतो, आमचे घर तेच आहे बाई. अशी उत्तरे नापास मुलेच देतात.

दोन फेब्रुवारीला सदतीस दिवस आहेत. आईने जाताना ते माझ्या हातात दिले, ते मला धड पुढे द्यायचे आहे. मुलीला समज दे.

कळावे. लोभ माझ्यावर असावा. मुलीवर थोडा कमी केलास तरी चालेल.

एल्सीताई

*

मेरिदा,
२ जानेवारी

ती. एल्सीताईस विल्बर्टचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र जेवताना मोठ्याने वाचले, ही चूक झाली. शिशाच्या पट्ट्यापाशी सगळे हसले आणि माझ्याही घशात घास अडकला. त्याबद्दल क्षमा असावी.

निदियाला फोनवर विचारले. ती म्हणाली, आत्याला विचारले असते तर आत्या नाही म्हणाली असती, म्हणून विचारले नाही. यात मला काही चूक सापडेना. तुझ्याच वर्गातले तर्कशास्त्र वाटते.

आता सुतार म्हणून सांगतो. ते सीडरचे लाकूड आहे. पाण्याने ते मरत नाही, घाईने वाळवले तर मरते. वर आले की उन्हात ठेवू नकोस. ओल्या फडक्यात गुंडाळ आणि माझ्याकडे पाठव. रंगाची हमी मात्र देत नाही.

आणि रागावू नकोस, पण ते बाळ तू बावीस वर्षे कपाटात बंद ठेवले आहेस. आई नाताळात ते सगळ्या गल्लीच्या मांडीवर फिरवायची. उजव्या पायाची करंगळी मी मोडली तेव्हासुद्धा ती एवढेच म्हणाली होती की उरलेल्या नऊ बोटांवर भागवू.

बाकी इथे सर्व कुशल. लोभ आहे, तो तुझ्या लाल रेघांसकट असू दे.

तुझा,
विल्बर्ट

*

कोसुमेल,
८ जानेवारी

चि. विल्बर्ट यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला कपाटाचा परिच्छेद मी वाचला. त्याला उत्तर देत नाही.

परवा राजांच्या सणाला पाणबुड्यांनी त्यांच्या शेडमध्ये रोस्का, सणाचा तो गोड पाव, कापली. या लोकांवर नजर ठेवायला हवी म्हणून मी गेले. तुकडा घेतला, चावला, आणि दाताखाली कडकन वाजले. पावात लपवलेले ते बोटभर बाहुले. ते ज्याच्या दाताखाली येईल त्याने यजमान व्हायचे, म्हणजे कांदेलारियाला सगळ्यांना तमाल, पानात उकडलेले मक्याचे मुटके, खाऊ घालायचे मी, आणि त्यांच्या नियमाने समुद्रातल्या बाळाची धर्ममाताही मीच. मी निदियाकडे पाहिले. रोस्का तिने कापली होती. ती छताकडे पाहत होती.

गास्पार हळूच म्हणाला, बाई, तुम्ही बोटीत बसून राहा, मी खालून बाळ देतो, तुम्ही नुसते हात पुढे करा. बोलण्यात दया होती. ज्याला आपण नापास केले त्याची दया फार जड असते. मी म्हटले, मी स्वतः खाली येणार.

आता तुला खरे सांगते. मी या बेटावर जन्मले, एकतीस वर्षे मुलांना फळ्यावर प्रवाळ काढून शिकवले, आणि आजवर एकदाही डोके पाण्याखाली घातलेले नाही. तुम्ही भाऊ धक्क्यावरून उड्या टाकायचात, तेव्हा मी तुमच्या चपला राखत बसायचे. मुलीचे केस ओले झाले की लोक बोलतात, असे आई म्हणायची. पुढे केस पिकले, लोक गेले, आणि मी तशीच काठावर राहिले.

डॉक्टरने कान, छाती तपासून सही दिली. वयाचा रकाना त्याने दोनदा वाचला.

कळावे. लोभ पाठव, सल्ला पाठवू नकोस.

एल्सीताई

*

मेरिदा,
१३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

सल्ला नको म्हणालीस तरी पाठवतो आहे. उतरू नकोस.

मला इतकी वर्षे वाटत होते की तुला पाणी आवडत नाही. आम्ही पोरे तुझ्यामागे तुला 'मांजर' म्हणायचो. कुणी कधी विचारले नाही, मीही नाही. एकदा माझी एक चप्पल लाटेने नेली म्हणून मी तुला सगळ्यांसमोर बोललो होतो, तेही आठवले. तू त्या चपलेसाठी गुडघाभर पाण्यात गेली होतीस आणि घरी जाऊन मार खाल्लास. मी गप्प बसून पपई खात होतो.

म्हणून सांगतो, हा हिशेब आता सदुसष्टाव्या वर्षी समुद्राशी चुकता करायला जाऊ नकोस. बाळ हवे तर मी दुसरे कोरून देईन. बहीण कोरता येत नाही. गास्पारला उचलू दे, आई काही म्हणणार नाही.

उत्तर लवकर धाड. लोभ आहे आणि काळजीही.

विल्बर्ट

*

कोसुमेल,
२४ जानेवारी

चि. विल्बर्ट यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. पपईचे मला माहीत नव्हते. बाकीचे ठाऊक होते, आणि ते मी तुला कधीच माफ केले आहे. सल्ला मात्र मानत नाही.

शिकवणी सुरू आहे. पहिल्याच दिवशी गास्पार म्हणाला, बाई, चष्म्यात थुंका. मी म्हटले, माझ्या वर्गात थुंकणाऱ्याला मी बाहेर काढत असे. तो म्हणाला, माहीत आहे, मीच तो. थुंकी चोळली की काचेवर वाफ धरत नाही. हे खरे निघाले, आणि मी ते कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळीतून पाणी गिळले, गास्पारचे केस धरून बाहेर आले आणि तीन दिवस समुद्राकडे पाठ करून विणत बसले. निदियाने एका शब्दानेही आग्रह केला नाही. चौथ्या दिवशी फक्त विचारले की आत्या, वर्गात एखादे मूल घाबरले तर तू काय करायचीस. मी म्हटले, पुन्हा फळ्यापाशी बोलवायचे. मग काय करणार, गेले.

विल्बर्ट, मी मुलांना एकतीस वर्षे चुकीचे शिकवले. मी सांगायचे की पाण्याखाली शांतता असते. अजिबात नसते. पोपटमासा प्रवाळ खातो तेव्हा टोस्ट चावल्यासारखा आवाज येतो, आणि असे वीसजण एकदम न्याहारी करत असतात. मी नळीतूनच हसले आणि पुन्हा पाणी गिळले.

काल वरून तरंगत गोठा पाहिला. बाळ मारियाच्या गुडघ्यापाशी आहे. गालावर हिरवी लव आली आहे. एक बोटभर निळा मासा त्याच्या कानापाशी घर करून आहे आणि जो जवळ जाईल त्याला हुसकावतो. आईने ठेवलेली दाई वाटली. आता हवेची टाकी घेऊन खाली जायचा सराव चालू आहे. निदिया हात धरते. मी तिला धरू देते.

कळावे. लोभ वाढव, नाक दाबून कान फुंकायची सवय कर. खाली जाताना तेच करावे लागते.

एल्सीताई

*

कोसुमेल,
१ फेब्रुवारी

ती. बाबांस निदियाचा सा. न. वि. वि.

आत्याला कळू न देता लिहिते आहे. तीन दिवस उत्तरेचा वारा सुटला आहे. बंदरावर लाल बावटा, एकही होडी सुटत नाही. धक्क्यावरून पाहिले तर पाणी डाळीसारखे गढूळ. उद्या कांदेलारिया.

आत्या दर तासाला बंदराच्या कचेरीत जाते. पहिल्या दिवशी तिने तिथल्या कारकुनाच्या सूचनाफलकावरची चूक सुधारली, दुसऱ्या दिवशी त्याला तमाल नेऊन दिले. आज नुसती उभी राहून आली. तमालसाठी केळीची पाने पुसताना एकदाच बोलली, की पाच मीटरवर वाळू किती सरकत असेल. ती माझ्यावर ओरडत नाही, बाबा. ओरडली असती तर बरे झाले असते.

एक कबुली देते. रोस्का कापताना मला बाहुल्याचे डोके दिसले होते, आणि तो तुकडा मीच तिच्या बशीत सरकवला. रोज संध्याकाळी ती धक्क्याच्या कडेला बसून आम्हाला पाण्यातून येताना पाहायची आणि प्रत्येकाला विचारायची, काय दिसले. इतके बारकाईने कुणी विचारत नाही. म्हणून केले. आणि आता आजीचे बाळच गेले तर मी तिला तोंड कसे दाखवू?

प्रार्थना करा. लोभ राहू द्या, मला लागणार आहे.

निदिया

*

कोसुमेल,
४ फेब्रुवारी

चि. विल्बर्ट यास अनेक आशीर्वाद.

दोन तारखेला बावटा उतरला नाही. शेडमध्ये बसून सगळ्यांनी माझे एकशे वीस तमाल संपवले. पाद्री म्हणाले की बाळावाचून कांदेलारिया कसली, मी म्हटले की तमालावाचून त्याहून वाईट. कुणाला झोप लागली नसावी.

काल सकाळी आठला बंदर उघडले. मी खाली गेले. मारिया उभी होती, योसेफ आडवा, गाढव आणि एक राजा बेपत्ता. बाळ नव्हते. निळा मासाही नव्हता. निदियाचे डोळे काचेमागे इतके मोठे झालेले की मी तिचा दंड धरला. मग गुडघे टेकले आणि मारियासमोरची वाळू हातांनी उपसू लागले. किती वेळ ते कळले नाही. निदियाने दोनदा हवेचा काटा दाखवला. आणि बोटांना कपाळ लागले.

पट्टा दगडाखाली अडकला होता. मी बक्कल सोडले. लाकूड तरंगते हे मुलांना शिकवणारी बाई मी, पण ते ऐन वेळी विसरले. बाळ माझ्या हातून निसटले आणि सरळ उजेडाकडे निघाले. मी तळाशी, हातात शिसे, आणि आईचे बाळ वर वर जाते आहे. मी इतकी सुंदर गोष्ट पाहिलेली नाही, आणि ती पाहायला मी तिथे होते.

गास्पारने ते वर पाण्यातून उचलले. बोटीत वाद सुरू झाला की उठवले कुणी, आणि धर्ममाता कोण. गास्पार म्हणाला, उठायचे ते आपले आपण उठले, बाईंनी ओझे तेवढे काढले. या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.

गालाचा रंग गेला आहे. शेडमध्ये ते सगळ्यांच्या मांडीवर फिरले, मी मोजले नाही. निदियाने रोस्केचे मला कबूल केले. मी म्हटले, मला त्याच दिवशी कळले होते. तुकडा परत करता आला असता, केला नाही.

कपाटाबद्दल तू बरोबर होतास. खाली यादी जोडली आहे.

कळावे. लोभ आहेच, तो घेऊन एकदा इकडे ये, चष्मा मी देईन.

एल्सीताई

आज सुपूर्द केलेल्या वस्तू :

लाकडी बाळ, एक. डाव्या गालाचा रंग नाही. उजव्या पायाची करंगळी पूर्वीपासून नाही. ओल्या फडक्यात. मेरिदाला नेऊन बापाकडून दुरुस्त करून घ्यावे.
रेशमी अंगरखा, नवा, एक. धर्ममातेने शिवलेला.
कपाटाची किल्ली, एक. पुढे लावायची की नाही ते घेणारीने ठरवावे.
शिशाचा पट्टा, दोन किलो. गास्पार उक यास परत. पोचला.

घेणार : निदिया कानुल. नाताळात बाळ कुठे निजवायचे ते तिने पाहावे. मला आधी विचारावे, मी हो म्हणेन.

(यादी आत्याने सांगितली, मी लिहिली. घेणारीची सही केली आहे. देणारीची राहिली, ती पाण्यात आहे. — निदिया)