अण्णांनी चुकवलेला संवाद

प्रिय ताई,

यंदा नवरात्रात आपल्या देवळापुढे नाटक झालं आणि त्यात मी राजकन्या होते! हसू नकोस. शालू आईचा, दागिने कडूबाई मावशीचे आणि माझा बाप झालेला राजा म्हणजे आपले खरेखुरे अण्णा. गोरक्षनाथ सरांनी नाटक लिहिलं आणि राजाला दणदणीत आवाज हवा म्हणून अण्णांना गळ घातली. तू गेल्यापासून अण्णा घरात फारसे बोलतच नाहीत. ते हो म्हणाले तेव्हा आईनं देवीपुढे साखर ठेवली.

गोष्ट फार जुन्या काळची, प्रवरेकाठच्या एका राज्यातली. शत्रूचा वेढा पडतो आणि एक अनोळखी स्वार गड वाचवतो. राजकन्येचं मन त्याच्यावर जडतं. राजाही लग्नाला तयार होतो, फक्त स्वारानं देवीसमोर शपथ घ्यायची की तो राजघराण्यातला आहे. एवढं खोटं बोलला असता तर सगळं मिळालं असतं. पण तो हात जोडून म्हणतो, "आईसमोर खोटं कसं बोलू? मी मेंढपाळाचा मुलगा आहे." राजा भडकतो. मग राजकन्या म्हणते, देवीलाच कौल लावा. मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवीकडून पडलं तर लग्न, नाहीतर स्वारानं राज्य सोडायचं.

फूल पाडायला पडद्यामागे सुनील दोरा धरून बसला होता. त्यानं ओढला आणि दोराच तुटला. फूल जागचं हलेना. स्वार झालेला करण मान खाली घालून उभा. मी देवीकडे बघितलं आणि एकदम धीर आला. पुढे गेले, पाया पडले, फूल हातात घेतलं नि म्हणाले, "महाराज, आईनं माझ्या मनात केव्हाच कौल दिलाय. तुम्ही मला विचारलंच नाही."

आता अण्णांनी तलवार उंचावून "कौल मान्य!" म्हणायचं होतं. पण त्यांनी मुकुट काढला आणि बारीक आवाजात म्हणाले, "व्हय पोरी, न्हाई इचारलं. ऊस तोडणाऱ्याचं पोर म्हणून दार लावून घेतलं मी. त्याची नियत न्हाई बघितली."

नाटकात ऊस कुठे होता गं, ताई! पण लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आई पदरात तोंड घालून रडत होती आणि हसतही होती.

नंतर अण्णा, मिशी अर्धी निघालेली, तसेच माझ्याजवळ आले. "वैजनाथरावांना गोड काय आवडतं?" तुमच्या लग्नानंतर दाजींचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं मी. म्हणाले, "फोनवर मला बोलणं न्हाई जमायचं. तू लिही." म्हणून हे लिहितेय. तुमचा राहिलेला दिवाळसण यंदा करायचाय. पाडव्याला दोघंही सावेडीहून या. अण्णा फाट्यावर एकटेच घ्यायला येणार आहेत, मलासुद्धा नको म्हणाले. उतरल्या उतरल्या पाया पडायची घाई करू नकोस. त्यांना आधी बोलू दे.

तुझीच वेडी,
राजनंदिनी