इंग्रजांच्या बाजूने बसलेली सून

देवपूर, धुळे

तीर्थरूप नाना,

पायांना हात लावून सुरुवात करायची आपली रीत, पण आता हात कुठे लावू? नमस्कार मनातल्या मनात करते, तो घ्या.

आज दुपारी जेवणं झाल्यावर अक्कांनी मला एकटीला गाठलं. मी भांडी विसळत होते. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुमन, आपण यातून वाचणार नाही हे यांना कळलं होतं का गं?" मी नळ बंद केला, मग उगाच परत चालू केला. वाळत घातलेल्या कपड्यांचं काहीतरी पुटपुटले आणि थेट माडीवर येऊन दार लोटून घेतलं. तुम्ही गेल्यावर तुमचं ते लढाईचं टेबल इथेच आणून ठेवलंय. त्याच्या कडेवर कागद ठेवून लिहितेय. उत्तर द्यायला हवं, आणि आजच द्यायला हवं. पण आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला ते जमायचं नाही.

कशात अडकवून ठेवलंत हो नाना मला!

लग्न होऊन मी जळगावहून या घरात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी बैठकीत जे बघितलं ते माहेरी सांगितलं तर कोणाला खरं वाटेना. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले माझे सासरे म्हणजे तुम्ही, कापसाचे व्यापारी गुलाबचंदशेठ आणि तुमचे शेतकरी मित्र आबा पाटील, अशी तीन पिकल्या केसांची माणसं टेबलावर ओणवी होऊन शिशाचे सैनिक पट्टीने मोजून पुढे सरकवत होती! टेबलावर भुसा आणि सरस कालवून केलेली जमीन, तिच्यात कैलना नदी, काठावर असई गाव. अठराशे तीनमध्ये मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली तिथे, अजिंठ्याच्या पलीकडे, तुम्ही एसटीने जाऊन साखळीने नदीकाठ मोजून आला होतात म्हणे. छापखान्यातले झिजलेले अक्षरांचे खिळे वितळवून तुम्ही सैनिक ओतायचात, आणि त्यापायी अक्कांची एक पळी कायमची कामातून गेली. रंगवायचं काम गुलाबचंदशेठांचं. त्यांनी रंगवलेलं मराठ्यांचं पायदळ मारवाडी पगड्या घालून लग्नाला निघाल्यासारखं दिसायचं, आणि त्यावरून तुम्ही त्यांना दर रविवारी चिडवायचात.

अडचण एकच होती, इंग्रज व्हायला कोणी तयार नसायचं. आबांनी तर पहिल्यापासूनच सांगून टाकलं होतं, "नाना, बठ्ठं कबूल शे, पन मी इंग्रज नही व्हसू." गुलाबचंदशेठ बिचारे नाइलाजाने एकटेच त्या बाजूला बसायचे. मी चहा घेऊन आले आणि सहज म्हणून गेले, की ती तोफ गावावर मारा कशी करेल, मध्ये टेकाड आहे ना? तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, या घरात बाहेरून आलेली तूच, तेव्हा तूच इंग्रज हो. सगळे हसले, अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. तेव्हापासून मी आणि गुलाबचंदशेठ इंग्रज, तुम्ही आणि आबा मराठे. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी तर रेडिओवर खरं युद्ध चालायचं आणि बैठकीत तुमचं, आणि पाहुण्यांना कळायचं नाही की आबा कशावर एवढे तावातावाने बोलताहेत.

खऱ्या लढाईत इंग्रजांना नदीचा उतार सापडला, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, आणि तिथून ते मराठ्यांच्या बगलेवर चालून आले. हे तर सगळ्यांनाच पाठ. मग खेळात राहिलं काय? म्हणून तुम्ही नियम केलात की उतार कुठे आहे ते दर वेळी चिठ्ठी उचलून ठरवायचं, आणि ती चिठ्ठी फक्त इंग्रजांनी बघायची. डाव संपल्यावरही ती कोणी मागत नसे. मी ती चुरगाळून शेगडीत टाकायचे. केवढा विश्वास होता तुमचा!

मग तुमच्या छातीत पहिली कळ आली. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि मनाला लागेल असं काही होऊ देऊ नका म्हणून बजावलं. अक्कांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. गुलाबचंदशेठांना आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करून सांगितलं की यांना हरवायचं नाही. झालं! त्यानंतर तुम्ही जे जिंकत सुटलात, ते विचारू नका. माझ्या चिठ्ठीत उतार असायचा एकीकडे आणि मी माझं पायदळ नेऊन बुडवायचे दुसरीकडे.

पण गुलाबचंदशेठांना नाटक कुठलं जमायला? एकदा टेकडी त्यांच्या हातात आली होती, तुमचं घोडदळ उधळलेलं, आणि ऐन वेळी त्यांनी तोफा मागे घेतल्या. बाजारात एका मणामागे तासभर हुज्जत घालणारा माणूस, तो जिंकलेली टेकडी सोडेल? तुम्ही ते ओळखलंत. उठलात, एकेक सैनिक उचलून पेटीत भरलात आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात. पुढे कित्येक रविवार टेबलावरचं कापड निघालं नाही. तुम्ही जेवणही अर्ध्यावर आणलंत. अक्कांना वाटलं दुखणं वाढलं.

एका रविवारी सकाळी तुम्ही मला हाक मारलीत. कापड काढलेलं होतं. "तू आणि मी, दोघंच खेळू," म्हणालात. "मला डाव हवाय सुमन, औषध नको."

मी हात धुवायला आत गेले तर अक्कांनी पिठाच्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. "हरशील ना गं? एवढं कर माझ्यासाठी." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

चिठ्ठी उघडली. उतार होता तुमच्या डाव्या बगलेला, आणि तिथे तुम्ही एकही तोफ ठेवली नव्हती. म्हणजे मी नदी ओलांडली की तुम्ही संपलात. आणि नाही ओलांडली, तर कोणाला कधी कळणारही नव्हतं. तुम्ही फासे टाकत होतात, पट्टी लावत होतात, मध्येच श्वास घ्यायला थांबत होतात. एकदा तुमचा हात छातीवर गेला. नुसता सदरा सारखा केलात की आणखी काही, ते मला आजही माहीत नाही. गोळ्यांची बाटली खिडकीत होती. अक्का दारात उभ्या होत्या आणि त्यांची नजर टेबलावर नव्हती, माझ्यावर होती. मला इतकी भीती लग्नात वाटली नव्हती, बाळंतपणात वाटली नव्हती. हा माणूस माझ्यासमोर कोसळला तर या घरात मी तोंड कसं दाखवू? तुमच्या मुलाला काय सांगू, मी खेळत होते म्हणून?

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या चिठ्ठीकडे बघतच नव्हतात. तुम्ही माझा चेहरा वाचत होतात.

मी पायदळ नदीत घातलं.

पुढचा डाव फार वेळ चालला नाही. तुम्ही तोफा वळवायचा प्रयत्न केलात, फाशांनी साथ दिली नाही. असई पडलं. तुम्ही खुर्चीत मागे टेकलात, कपाळावर घाम होता. अक्का पाणी आणि गोळी घेऊन धावत आल्या. तुम्ही गोळी बाजूला सारलीत आणि मला म्हणालात, "परत मांड. डावीकडे तोफ असती तर काय केलं असतंस, ते दाखव." आणि दिवे लागेपर्यंत आपण तेच करत बसलो. रात्री तुम्ही भरीत मागून घेतलंत, वर आणखी एक भाकरी. अक्का माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलल्या. ते मी सोसलं.

त्याचा मोबदला तुम्ही असा द्यायचा होतात का, नाना?

या वर्षी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघून तुमच्या चिरंजीवांना आणि मला बाहेर बोलावलं. आता फार दिवस नाहीत, म्हणाले. घरात अक्कांसकट सगळ्यांचं ठरलं की तुम्हाला कोणी सांगायचं नाही. सगळे तुमच्या खाटेजवळ येऊन हसत, घरी कधी न्यायचं याच्या गप्पा मारत. गुलाबचंदशेठ नवी पलटण रंगवायला घेतल्याचं सांगत. आबांनी तुमचा हात धरला तो सोडेचनात. आणि एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तुम्ही मलाच विचारलंत. दुसऱ्या कोणाला विचारलं नाहीत. "तू सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं, सगळं सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस. ती माझ्यापुढे हसते, तिला हसू दे."

आणि मग तुम्ही काय सुरू केलंत! बरा झालो की मुक्ताईनगरला दर्शनाला जाऊ म्हणालात. यंदा लोणचं जास्त घाला, मला पुरत नाही, म्हणालात. अक्का हौसेने प्रवासाची पिशवी भरायला लागल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हे बघत होते आणि मला तुमचा राग येत होता. तुम्हाला कोणी मुद्दाम हरलेलं खपत नव्हतं. आणि अक्कांना मात्र तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत जिंकू दिलंत! त्यांना काय हवं होतं ते विचारलंत तरी का?

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अक्का सांगतात, "त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं एक बरं झालं." त्या एका वाक्यावर त्यांनी हे दिवस काढले. मी पाण्याचे पेले भरत राहायचे. तुमचा शब्द होता ना.

पण आज त्यांनी विचारलं. आणि का विचारलं, तेही सांगितलं. म्हणाल्या, "जन्मात कधी देवळाच्या पायरीला पाय लावला नाही या माणसाने. मी सप्ताहाला गेले तरी कुरकुर. आणि दवाखान्यात एकदम दर्शन? लोणचं? इतकं गोड वागणं यांचं नव्हे." नाना, गुलाबचंदशेठांची माघार तुम्ही जशी ओळखलीत, तशीच त्यांनी तुमची ओळखली. तुम्हाला काय वाटलं, त्या फक्त चहा पाठवत होत्या?

आता मी काय करू ते सांगा. कळलं होतं म्हटलं, तर त्यांचा एवढा एक आधारही मी काढून घेतला असं होईल. शेवटच्या दिवसांत दोघं एकमेकांपुढे खोटंच बोलत बसलो, हे त्यांनी उरलेला जन्म उगाळायचं? कळलं नव्हतं म्हटलं, तर त्या मान हलवतील, आत जातील आणि पुन्हा मला काही म्हणजे काही विचारणार नाहीत. या घरात खरं कोणाकडे मिळतं हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर पोटच्या मुलाला सोडून माझ्याकडे आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं नाही आज. नुसत्या उभ्या राहिल्या.

तुमचा शब्द मी पाळला, नाना, पाळता आला तेवढा पाळला. पण तो अक्कांनी विचारलं नव्हतं तोवरचा होता.

जिना वाजतोय. गुडघ्यांमुळे अक्का वर्षानुवर्षं माडीवर चढल्या नाहीत. आता एकेक पायरी थांबून थांबून चढताहेत. मी खाली उतरेन याची त्यांनी वाट बघितली असणार, आणि मी उतरले नाही.

तुम्हाला वचन देते. त्यांना आधी बसवीन, दम खाऊ देईन. मग सगळं खरं सांगेन, तुम्ही का लपवलंत तेही सांगेन, आणि त्या रडल्या तर उठून जाणार नाही.

दार उघडते.

तुमची,
सुमन