हिरव्या पुडीवरची ओळ

११ ऑगस्ट

लागली एकदाची नोकरी! शिंचू शहराच्या वाऱ्यानं स्टेशनबाहेर छत्री उलटी करून माझं स्वागत केलं, पण आज मी कशावरच चिडणार नव्हते. मशीनरूम झकास आहे. थंडगार, चकचकीत, कंपनीचा सगळा डेटा सांभाळणारी काळी कपाटं ओळीनं उभी, आणि प्रत्येक कपाटावर खाऊची हिरवी पुडी. पुडीशिवाय यंत्र नीट चालतं असं म्हणणारा इंजिनिअर मला अजून भेटायचाय. शेजारच्या टेबलावरच्या युए ताईंनी पहिल्याच दिवशी दम भरला: पुडी हिरवीच हवी, मुदत संपायच्या आत बदलायची, आणि भूक लागली म्हणून फोडलीस तर तुझी खैर नाही. मग स्वतःच्या डब्यातल्या अर्ध्या शेवया माझ्या ताटात लोटल्या.

विभागप्रमुख पेंग साहेब फार गोड बोलतात. चान रुओ-लिन, वा, छान नाव आहे, म्हणाले. दादा बाबांचं आडनाव लावायचा, मी आईचं लावते, म्हणून त्यांना काही वास लागला नाही. को यान-हेंगची बहीण समोर बसून चहा पितेय हे कळलं असतं तर घोट घशातच अडकला असता मेल्याच्या.

१४ ऑगस्ट

काम समजलं. इथल्या साठ्याची जुळी प्रत ताइचुंग शहरात आहे. इथं लिहिलं की तिथं उमटतं. एखादी बाजू बंद पडून परत उभी राहिली, की भरलेल्या बाजूकडून रिकाम्या बाजूकडे प्रत घ्यायची. दिशा उलटी दिली तर रिकामं भरल्यावर चढतं आणि सगळं धुऊन निघतं. गेल्या वर्षी नेमकं तेच झालं, आणि ते दादानं केलं म्हणे. दादानं! जो कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा!

आज जेवताना गेल्या वर्षीचा विषय निघाला, तेव्हा युए ताई हळूच म्हणाल्या, अगं, तो तर खाली जेवायला गेला होता. पेंग त्याच्या खुर्चीत बसले होते, घाई चालली होती त्यांची. सगळ्यांनी पाहिलं, सगळे गप्प बसले. मग दादा घरी न जाता पुसलेलं परत आणत बसला आणि त्याच कपाटासमोर त्याचं हृदय थांबलं. आई अजून शेजाऱ्यांसमोर मान खाली घालून चालते. पेंगला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नाही, पण सोडणार नाही.

२५ ऑगस्ट

चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागला, भुतं मोकळी सुटतात तो. भुतांसाठी फाटकाशी टेबल मांडलं. फळं, बिस्किटं, अख्खी कोंबडी. उदबत्ती धरून सगळ्यात पुढे कोण? पेंग साहेब! डोळे मिटून काय तो भक्तिभाव! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तशीच वर आले. दादा जिथं पडला त्या कपाटाला कोणी हात लावत नाही. मागे चाचपलं तर त्याची पुडी सापडली, मुदत केव्हाच संपलेली. त्यावर यंत्राला उद्देशून दादाचं अक्षर: शहाण्यासारखं वाग, आज तरी मला घरी जाऊ दे.

खूप रडले. मग पेन काढलं आणि त्याखाली लिहिलं: दादा, या यंत्राची जबाबदारी ज्याच्या नावावर आहे, त्याला साठा पुसला गेला तसंच रिकामं कर. दादा गेल्यापासून ते पेंगच्याच नावावर आहे. नाव लिहिलं नाही. या महिन्यात कोणाला नावानं हाक मारायची नसते, भुतं ते नाव धरून ठेवतात, असं आईनं लहानपणापासून बजावलंय. पुडी होती तिथं परत ठेवली.

२९ ऑगस्ट

पेंगच्या फायली उघडतात, पण आत काहीच नाही. ताइचुंगच्या प्रतीतही नाही. मी दोन्ही बाजू तपासल्या: डिस्क ठणठणीत, परवानग्या ठीक, कुठे चूक नाही. फक्त रिकामं. मला हसू आवरेना.

२ सप्टेंबर

आज बैठकीत पेंग बोलता बोलता थांबले. स्वतःच्या मुलीचं नाव आठवेना. लोक हसले, साहेब म्हातारे झाले म्हणाले. मी हसले नाही. मी दादाला मनातल्या मनात शाबासकी दिली.

५ सप्टेंबर

पेंगना बायको घेऊन गेली. चप्पल कशी घालतात ते विसरले होते. तोंड उघडं, डोळे उघडे, आत कोणी नाही. फिटलं, दादा. आता ये घरी.

संध्याकाळी वरच्या साहेबांनी मला बोलावलं. टाळ्या, सगळ्यांना दुधाचा चहा. युए ताई म्हणाल्या, काय नशीब काढलंस गं पोरी! दादा पडला त्या काळ्या कपाटाची जबाबदारी आजपासून माझ्या नावावर. मीही हसून मान डोलावली.

मग जागेवर येऊन बसले. पडद्यावर लिहिलं होतं: जबाबदार, चान रुओ-लिन.

अरे देवा.

६ सप्टेंबर

पुडी काढली. स्पिरिटनं माझी ओळ पुसायला गेले. दादाची ओळ पुसली गेली. माझी जागची हलली नाही.

दादा, मी आहे रे. तुझी लिन. आडनाव आईचं, पण मी तीच—

ओळखत नाही का मला?

८ सप्टेंबर

जबाबदारी दुसऱ्या कोणाच्या नावावर करावी म्हटलं. पासवर्ड मागतोय. मीच ठेवला होता, दादाच्या वाढदिवसाचा. तो केव्हा असतो—

युए ताईंना विचारलं. त्यांनी विचित्र नजरेनं पाहिलं. म्हणाल्या, कुठला दादा? तू तर एकटीच ना?

त्यांना मी सांगितलंच नव्हतं. हो. सांगितलं नव्हतं. लिहून ठेवते: मला दादा आहे. मला दादा आहे. उंच. हसताना तो—

१० सप्टेंबर

आईचा फोन. कोण बोलतंय विचारलं. ती रडायला लागली. का रडली?

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. पेंग कोण—

११ सप्टेंबर

इथं थंड आहे. काळं कपाट. वर हिरवी पुडी, तिच्यावर एक ओळ. कोणीतरी कोणाला तरी दादा म्हणतंय.

छान आहे अक्षर. मला दादा असता तर मी त्याला